आमचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्या : मोठ्या कंपन्यांना एका मशीनशॉपवाल्याचे खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मोठ्या उत्पादक कंपन्यांचे संचालक, वित्तप्रमुख आणि खरेदीप्रमुख

विषय : लघुउद्योगांची थकलेली बिले

स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रं), एक जुनं व्हीएमसी (तसंच चालणारं उभं मिलिंग यंत्र), तीन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि मला धरून अकरा माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशिनिंग करायचं, कडांवरची बर काढायची, माप तपासायचं, गंज चढू नये म्हणून तेल लावायचं आणि क्रेटमध्ये भरून टेम्पोने पुण्याकडे रवाना करायचं, हे आमचं काम. पंपांची बेअरिंग हाउसिंग, गिअरबॉक्सची कव्हरं, व्हॉल्व्हच्या बॉड्या. तुमच्या यंत्रांच्या पोटात, बाहेरून दिसत नाहीत अशा जागी, आमच्या हातचे भाग बसलेले आहेत. पत्राखाली मी नाव लिहिलेलं नाही. ते का, हे पुढे येईलच.

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक कोटेशन आहे. नव्या व्हीएमसीचं. किंमत ३० लाख रुपये, कर वेगळा. गेल्या तीन वर्षांत ते मी चार वेळा नव्याने मागवलं. मशीनवाल्या कंपनीचा सेल्सचा मुलगा आता फोनवर किंमत सांगताना थोडा थांबतो, कारण मी घेणार नाही हे त्याला माहीत झालंय. आमचं जुनं व्हीएमसी मागच्या दिवाळीपासून तिसऱ्यांदा स्पिंडलला आवाज करतंय. नवं आलं तर दोन ऑपरेटर आणि एक हेल्पर लगेच लागेल, दुसरी पाळी सुरू होईल. काम आहे. जागा आहे. आयटीआय झालेली मुलं दर आठवड्याला दारात येऊन विचारून जातात. अडलंय ते कशावर, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

तुमच्यापैकी तीन कंपन्यांना मी महिन्याला सरासरी १२ लाखांचा माल देतो. हे पैसे ४५ दिवसांत आले तर कोणत्याही वेळी माझे १८ लाख बाहेर असतील. ते येतात सरासरी १२० दिवसांनी. म्हणजे माझे ४८ लाख बाहेर असतात. ४८ मधून १८ वजा करा. ३० लाख उरतात. माझं व्हीएमसी तुमच्या खात्यात पडून आहे.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा कागद बाजूला ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. वीस वर्षं बँकेच्या दारात मी कर्ज मागत फिरलो आणि मला हवी होती बरोबर तेवढी रक्कम माझीच होती.

छोटे उद्योग का वाढत नाहीत यावर चर्चासत्रं होतात. जिल्हा उद्योग केंद्रात, चेंबरमध्ये, कॉलेजात. मीही जाऊन बसतो. वीज महाग आहे, हे खरंच आहे. शेजारच्या कर्नाटकातले दर बघून तिकडे स्थलांतर करण्याची भाषा कोल्हापुरातल्या उद्योजकांनी अनेकदा केली ती हौसेने नाही. एमआयडीसीत भूखंड मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. शिकलेला मुलगा दोन वर्षांत तयार होतो आणि चाकणला जातो. हे सगळं मान्य. पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो कर्जावर. तारण नसलेल्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून हमी देणारा निधी २००० सालापासून आहे. मुद्रा २०१५ पासून आहे. दर अर्थसंकल्पात काहीतरी वाढतं. या योजनांनी अनेकांचं भलं झालं, मी ते नाकारत नाही. पण ज्याचे स्वतःचे पैसे चार महिने दुसऱ्याकडे अडकलेत त्याला आणखी कर्ज देणं म्हणजे फुटक्या टाकीत पाणी सोडणं आहे. भोक कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं, त्यावर बोलत कुणी नाही. कारण त्या चर्चासत्रात पहिल्या रांगेत तुम्ही बसलेले असता आणि मागच्या रांगेत तुमचे व्हेंडर.

एक सरकारी आकडा सांगतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशात कंपनी म्हणून नोंद नसलेले, शेतीबाहेरचे सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मोजले गेले. त्यातले ६ कोटी ३० लाखांहून जास्त सूक्ष्म होते. लघु होते सव्वातीन लाखांच्या थोडे वर. आणि मध्यम किती? सुमारे ५ हजार. अख्ख्या देशात. जिन्याला खालची पायरी आहे, वरचा मजला आहे, मधल्या पायऱ्या जवळजवळ नाहीतच. आमच्या उद्यमनगरात चक्कर मारली तरी हे दिसतं. वडिलांच्या पिढीत ज्याच्याकडे आठ माणसं होती त्याच्या मुलाकडे आज दहा आहेत. हात कुशल आहेत, या भागाला तर लोखंडाची जुनी सवय आहे. किर्लोस्करवाडी १९१० ची, इथून फार लांब नाही. कोल्हापुरात आज तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. ज्या गावात पॅटर्नपासून पॅकिंगपर्यंत सगळं पायी चालण्याच्या अंतरात मिळतं, तिथले वर्कशॉप दोन पिढ्या तेवढेच का राहतात?

कायदा काय म्हणतो ते तुमच्या वित्त विभागाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी लिहितो, कारण तुमच्या व्हेंडर कराराच्या नवव्या पानावर वेगळंच छापलेलं असतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यायचं असतं. ते व्याज तुम्हाला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. करारात '९० दिवस' छापून माझी सही घेतली म्हणून ४५ चे ९० होत नाहीत. हा कायदा त्या कराराच्या वर आहे. लघुउद्योग म्हणून नोंदणी झाल्यापासून एवढ्या वर्षांत मी एकदाही कुणाकडे हे व्याज मागितलेलं नाही. माझ्या ओळखीत मागणारे दोघे आहेत. दोघांनीही तो ग्राहक सुटल्यावर मागितलं.

आता ४५ दिवस मोजायचे कधीपासून? सगळी गंमत इथे आहे असं लोक म्हणतात. मला त्यात गंमत दिसत नाही.

मागच्या जुलैमधली गोष्ट. बुधवारी रात्री २०० हाउसिंगचा लॉट तयार झाला. तुमच्यातल्याच एका कंपनीची लाइन थांबणार होती, दिवसातून सहा फोन येत होते. माझा एक ऑपरेटर मुलीला ताप असताना रात्री दोनपर्यंत थांबला. वाटेत पाऊस नुसता कोसळत होता, तरी टेम्पो गुरुवारी सकाळी साडेनऊला तुमच्या गेटवर होता. सिक्युरिटीने चलनावर शिक्का मारला. त्याच दुपारी माल लाइनला लागला, कारण तुमच्याच स्टोअरच्या माणसाने मला फोन करून 'थँक यू, वाचवलंत' असं सांगितलं. भला माणूस आहे तो. पण मालाची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सिस्टीममध्ये पडली १९ दिवसांनी. का, तर आधी क्वालिटीची सही राहिली होती, मग मासिक स्टॉकची मोजणी होती. जीआरएन झाल्यावर बिल अकाउंट्सकडे गेलं. तिथे बिलं महिन्यातून दोनदाच बुक होतात, त्यामुळे आणखी ११ दिवस. मग कळलं की २०० पैकी ३ नगांत कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, निघाले. तीन नगांचे पैसे कापल्याची डेबिट नोट निघेपर्यंत २०० नगांचं बिल होल्डवर. त्यानंतर तुमचे ६० दिवस सुरू झाले. आणि ते ६० संपल्यावर पैसे त्याच दिवशी येत नाहीत, ते पुढच्या 'पेमेंट रन'ला येतात. माल पोचला त्या गुरुवारपासून बँकेत पैसे जमा झाले त्या दिवसापर्यंत ११३ दिवस झाले. ते नग बसलेले पंप कधीच विकले गेले होते.

कायद्यात याचंही उत्तर आहे, आणि ते फारसं कुणी वाचत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा दिवस. जीआरएनची तारीख नाही, बिल बुकिंगची नाही. गेटवरच्या शिक्क्याची तारीख. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये घड्याळ चुकीच्या जागी बसवलंय. ते मुद्दाम बसवलंय की सवयीने, हे मला माहीत नाही. पण त्या एका दुरुस्तीने हजारो वर्कशॉपचा महिना सुधारेल, आणि त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना अनुदान.

आमच्यासाठी मात्र सगळी घड्याळं बरोबर चालतात. जीएसटीचं विवरण मी दर महिन्याला भरतो, कारण तुमचा आग्रह तसा असतो. माझं बिल तुमच्या पोर्टलवर वेळेत दिसलं पाहिजे. १२ लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी २ लाख १६ हजार होतात. कास्टिंगच्या खरेदीवर आधीच दिलेल्या कराचं क्रेडिट वजा जाता त्यातला साधारण निम्मा कर मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला रोख भरतो. तुमचे पैसे आलेले नसतात. तुम्ही मात्र माझ्या बिलावरच्या पूर्ण कराचं क्रेडिट तेव्हाच घेऊन मोकळे होता. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, असा नियम आहे. माझी काही हट्टी बिलं बरोबर पावणेसहा महिन्यांनीच का निघतात, हे मला त्या नियमानंतर समजलं.

बँकेचं घड्याळ त्याहून कडक. हप्ता चुकला की पहिल्या दिवसापासून खातं निरीक्षणाखाली येतं, आणि ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचं खातं. बँकेच्या मॅनेजरला मी तुमच्याकडे अडकलेल्या बिलांची यादी दाखवली. तो म्हणाला, "साहेब, नावं उत्तम आहेत. पण नव्वद दिवसांच्या वरची बिलं मला लिमिटसाठी धरता येत नाहीत." म्हणजे तुम्ही उशीर केलात तर तुमच्यावरचं येणं बँकेच्या लेखी कमी होतं, माझी सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची कर्जमर्यादा, आक्रसते, आणि नेमकी गरज असताना हातात कमी पैसा राहतो. त्या ३० लाखांवर ११ टक्क्यांनी व्याज धरलं तरी वर्षाला ३ लाख ३० हजार. आमच्याकडे एका ऑपरेटरचा पगार, पीएफ, बोनस धरून वर्षाला साधारण एवढाच खर्च येतो. एक माणूस आम्ही ठेवू शकत नाही आणि त्याचा पगार दरवर्षी बँकेला देतो.

गेल्या वर्षी मी एक ऑर्डर नाकारली. हे वाक्य लिहिताना आजही घसा दाटतो. तुमच्यापैकीच एका कंपनीने महिन्याला आणखी ५ लाखांचं काम देऊ केलं होतं, दर चांगला होता. मी घरी येऊन वहीवर मांडलं. १२० दिवसांच्या हिशेबाने आणखी २० लाख बाहेर अडकणार. कास्टिंगवाला तीस दिवसांत मागणार, पगार सात तारखेला. ते २० लाख आणायचे कुठून? घर आधीच बँकेकडे तारण आहे. वडील सोफ्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, "काम मिळत नाही म्हणून बंद पडलेले लोक बघितले होते. काम मिळालं म्हणून बंद पडेल अशी भीती वाटायला लागलीय, हे काही बरं नाही." दुसऱ्या दिवशी मी फोन करून मशीनची क्षमता नाही असं सांगितलं. खोटं सांगितलं.

वाढ म्हणतात ती आमच्याकडे अशी थांबते. आवाज होत नाही, कुणाचं दिवाळं निघत नाही, बातमी होत नाही. एक माणूस रात्री वहीवर आकडे मांडतो आणि सकाळी 'जमणार नाही' म्हणतो. असं किती ठिकाणी होत असेल? ग्लोबल अलायन्स फॉर मास आंत्रप्रेन्युअरशिप आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट यांच्या २०२२ च्या अहवालाने देशभरातल्या छोट्या उद्योगांची अडकलेली बिलं सुमारे १० लाख ७० हजार कोटी रुपयांची असल्याचा अंदाज दिला होता. एवढी रक्कम माझ्या डोक्यात मावत नाही. मला ३० लाख कळतात.

मग तक्रार का करत नाही? सरकारने २०१७ साली 'समाधान' पोर्टल काढलं, घरबसल्या अर्ज करायची सोय झाली. प्रकरण थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जातं, ९० दिवसांत निकाल लागावा असं कायद्यात लिहिलंय, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर तुम्हाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर एवढं भक्कम हत्यार छोट्या माणसाला क्वचितच मिळतं. पण हे हत्यार उचलणाऱ्याचा व्हेंडर कोड दुसऱ्या दिवशी ब्लॉक होतो. कुणी लेखी कळवत नाही. नुसती ऑर्डर येणं थांबतं. माझा साठ टक्के धंदा तीन कंपन्यांवर आहे, अकरा घरं त्यावर आहेत. म्हणून खाली नाव नाही.

मी एकदा स्वतः गेलो होतो. पुण्याजवळच्या एका कंपनीत, कंपनीचं नाव घेत नाही. पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं, दहाला रिसेप्शनला. गळ्यात व्हिजिटर पास. अकाउंट्समधल्या मॅडम मीटिंगमध्ये होत्या. माझ्याशेजारी सांगलीचा एक रबर पार्टवाला बसला होता आणि नगरचा एक पॅकिंगवाला. तिघांच्याही हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बिलांच्या झेरॉक्स. तिघांपैकी कुणीही कामाला बाहेर पडताना बायकोला खरं कारण सांगितलेलं नव्हतं, हे बोलता बोलता निघालं. दुपारी तीनला मॅडम आल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी स्क्रीन वळवून दाखवली आणि म्हणाल्या, "माझ्याकडून सगळं क्लिअर आहे, वरून रिलीज झालं की लगेच." हे वर कोण आहे? संचालक महोदय, ते वर म्हणजे तुम्ही आहात, म्हणून हे पत्र त्या मॅडमना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

आणि तुमचा ताळेबंद. छोट्या पुरवठादारांची किती रक्कम मुदतीनंतर थकली आहे, हे वार्षिक हिशेबात जाहीर करणं तुम्हाला बंधनकारक आहे. एका वर्षी मी उत्सुकतेने एका ग्राहकाचा वार्षिक अहवाल उघडला. त्या टिपेत लिहिलं होतं : शून्य. त्या ३१ मार्चला माझी चार बिलं मुदतीबाहेर होती. चौकशी केल्यावर समजलं की त्यांच्या व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या यादीत, माझ्या नावापुढे 'एमएसएमई' ही खूणच केलेली नव्हती. लघुउद्योग म्हणून नोंदणीचं माझं 'उद्यम' प्रमाणपत्र मी तीनदा पाठवलं होतं. तुम्ही त्या पानावर सही करता. सही करण्याआधी एकदा विचारा, ही यादी कुणी केली आणि कशी केली.

प्राप्तिकराच्या ४३ बी (एच) कलमाबद्दलही बोललं पाहिजे, कारण 'आता सरकारने सोय केलीय ना' असं मला बरेच जण ऐकवतात. २०२३ च्या वित्त कायद्याने ते आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरला जाणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरला जाईल. त्यानंतरचा पहिला मार्च महिना आठवतो, २०२४ चा. शेवटच्या दहा दिवसांत माझ्या खात्यात एवढे पैसे आले की बँकेतून फोन आला. मी सगळ्यांना पेढे दिले. पण त्याच महिन्यात एका ग्राहकाने सुचवलं, उद्यम नोंदणी रद्द करून टाका, म्हणजे आपल्याला पुढे काम करणं सोपं जाईल. आणि एप्रिल उजाडल्यावर जुनं चक्र पुन्हा सुरू झालं. त्यातली मेख मला आमच्या सीएने समजावली. एप्रिलमध्ये पोचलेल्या मालाचे पैसे तुम्ही पुढच्या मार्चमध्ये दिलेत तरी ते त्याच आर्थिक वर्षात येतात, त्यामुळे करात तुम्हाला काहीही फटका नाही. कायद्याने तुमचा मार्च बदलला. उरलेले अकरा महिने तुमच्या सदसद्विवेकावर सोडलेत.

बिलांवर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या 'ट्रेड्स' या ऑनलाइन व्यवस्थेची गोष्टही अशीच अर्ध्यावर थांबलीय, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यात तुमचंही नुकसान नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली या व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आणली. मी बिल प्लॅटफॉर्मवर टाकायचं, तुम्ही ते मान्य करायचं, बँका त्यावर बोली लावतात, मला दोन-तीन दिवसांत पैसे मिळतात आणि मुदत भरल्यावर तुम्ही बँकेला देता. व्याजाचा दर ठरतो तुमची पत बघून, माझी नाही. आणि तुम्ही चुकवलंत तर बँक माझ्या दारात येत नाही. मेक्सिकोत सरकारी विकास बँक नाफिनने २००१ पासून अशीच साखळी उभी केली, मोठ्या खरेदीदारांची पत वापरून छोट्या पुरवठादारांना स्वस्तात पैसे मिळवून दिले. आपल्यासारखाच, छोट्या उद्योगांवर चालणारा देश आहे तो. आपल्याकडे आता २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी झाली. माझ्या तिन्ही ग्राहकांची झाली. पण बिल मान्य करण्याची सक्ती नाही, त्यामुळे मी टाकलेलं बिल तिथे 'प्रलंबित' या शब्दासमोर पडून राहतं. मान्य करायला एक क्लिक लागतो. तो क्लिक न करण्याचं एकच कारण मला दिसतं. मान्य केल्यावर तारीख पक्की होते.

तुम्ही म्हणाल, आमचेही ग्राहक उशीर करतात, बाजार असाच चालतो. चालतो, आणि त्याचा शेवट कुठे होतो तेही सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक टूल ग्राइंडर आहे. साठीच्या पुढचा माणूस, एक खोली, एक यंत्र. ड्रिल आणि कटरला धार लावून देतो. महिन्याला माझ्याकडून त्याचे सात-आठ हजार होतात. मागच्या पावसाळ्यात मी त्याचे तीन महिन्यांचे पैसे थकवले. तो काही बोलला नाही. चौथ्या महिन्यात धार लावलेले कटर द्यायला आला, कागदात नीट गुंडाळलेले, प्रत्येकावर खडूने माप लिहिलेलं, आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "मालक, थोडे तरी बघा. नातीची फी आहे." मी त्याच दिवशी घरातले पैसे आणून दिले. पण ते तीन महिने मी त्याच्याशी तसाच वागलो होतो जसं तुम्ही माझ्याशी वागता, आणि तेच कारण देऊन. त्याच्यानंतर पुढे ढकलायला कुणीच नाही.

सगळे असे नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. माझा एक चौथा ग्राहक आहे. मध्यम कंपनी, तुमच्या तुलनेत लहानच. माल पोचल्यापासून चाळिसाव्या दिवशी पैसे जमा होतात, गेली सहा वर्षं, कोविडचे दोन महिने सोडले तर एकदाही चुकले नाहीत. त्यांचा दर तुमच्यापेक्षा दोन टक्क्यांनी कमी आहे आणि मी तो आनंदाने घेतो. माझं दुसरं सीएनसी त्यांच्याच जोरावर आलं. बँकेने त्यांच्या जमा झालेल्या रकमांचं तीन वर्षांचं स्टेटमेंट बघितलं आणि कर्ज मंजूर केलं, तारण वाढवून न मागता. त्या मशीनवर आज दोन मुलं काम करतात. एक गडहिंग्लजचा, एक कागलचा. त्यातल्या एकाने या वर्षी लग्न केलं. आणि त्या कंपनीला अडचण आली की माझी माणसं न सांगता रविवारी येतात. तुम्ही दरात जे दोन टक्के घासाघीस करून वाचवता, ते उशिराच्या भीतीने आम्ही आधीच किमतीत घातलेले असतात.

मागणं फार नाही. घड्याळ गेटच्या शिक्क्यापासून सुरू करा. तीन नग खराब असतील तर तीन नगांचे पैसे कापा आणि १९७ नगांचं बिल सोडा. व्हेंडर मास्टरमध्ये आमची नोंद खरी ठेवा. ट्रेड्सवर आलेलं बिल सात दिवसांत मान्य करा किंवा लेखी नाकारा. आणि खरेदीप्रमुखांच्या वार्षिक मूल्यमापनात जिथे 'खर्चात बचत' असा रकाना आहे, त्याच्या शेजारी 'लघु पुरवठादारांना वेळेत दिलेली बिलं' असा एक रकाना टाका. तुमच्याकडे जे मोजलं जातं तेच होतं, हे तुम्हीच आम्हाला व्हेंडर मीटमध्ये शिकवलंत. उद्योगमंत्र्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे. मुदतीनंतर व्याज आपोआप जमा व्हावं, मागायची वेळच येऊ नये, एवढंच त्यात असेल. पण तुम्ही ठरवलंत तर त्या पत्राची गरज पडणार नाही.

या क्षणी तुमच्याकडे माझी नऊ बिलं ४५ दिवसांच्या पलीकडे आहेत. सगळ्यात जुनं १३६ दिवसांचं. क्रमांक इथे देत नाही, तुमच्या सिस्टीममध्ये ते आहेत. ज्या कुणा वित्तप्रमुखाने हे पत्र वाचलं असेल, त्यांनी आज संध्याकाळी घरी जाण्याआधी आपल्या थकलेल्या पुरवठादारांची यादी जुन्या तारखेकडून नव्याकडे लावून बघावी. पहिल्या पानावर माझ्यासारखेच कुणीतरी असतील. ड्रॉवरमधल्या कोटेशनची मुदत या महिनाअखेरीस संपते.

आपला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथील एक मशीनशॉपचालक